स्कूबा डायव्हिंगसाठी चाकू कोणता घ्यावा? पायाला बांधावा का?

पायाला बांधू नका. बाकीचं सांगतो, पण आधी एवढं ऐका.

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, नुकताच झालाय, तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे आणि पोटरीला बांधायचा एक मोठा चाकू मनात भरलाय. माझ्याही भरला होता. वास्तुशांतीला साडूभाऊंनी दुबईहून आणून दिलेला. टोकदार पातं, एका बाजूला करवतीचे दात, काळं म्यान, दोन रबरी पट्टे. त्या रात्री तो लुंगीखाली बांधून मी आरशासमोर उभा राहिलो होतो. बायको अजून हसते.

सात वर्षांपूर्वीचा डिसेंबर. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ बुडालेल्या बोटीवर दुसरी डाइव्ह, खोली १२ मीटर. पाणी ताकासारखं, तीन-चार मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं. बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, साडूभाऊच. अशा बोटींना तुटकी जाळी अडकलेली असतातच. जाड दोरीची जाळी शेवाळ धरतात, त्यामुळे लांबून कळतात. तंगूस, म्हणजे मासेमारीचा पारदर्शक नायलॉनचा धागा, कळत नाही. माशाला दिसू नये म्हणूनच तो वापरतात, मग आपल्याला काय दिसणार! कठड्याजवळून पुढे सरकलो आणि कुणीतरी मागून कॉलर धरावी तसा जागच्या जागी थांबलो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकलं होतं, मानेमागे, नेमकं जिथे काय झालंय ते दिसतही नाही आणि धड हातही पोचत नाही.

चाकू काढायला वाकलो. आता नीट वाचा, कारण सात वर्षं मी हेच घसा फोडून सांगतोय. मागून अडकलेला माणूस पोटरीकडे हात नेतो तेव्हा मागचा धागा आणखी आवळतो. म्हणून मी पाय वर घेतला, तर पायातल्या फिनचा पट्टा जाळ्यात गेला आणि पाठोपाठ चाकूची मूठ. ज्याने जाळं कापायचं तोच जाळ्यात! मग काय अडकलंय ते बघायला मी गर्रकन वळलो. हा गाढवपणा माझा. एक वेढा वाढला.

चाकू निघाला कसाबसा. तो डोक्यामागे नेऊन घासायला लागलो. सैल तंगूस चाकूने कापला जात नाही, पात्यापुढे नुसता सरकत राहतो. दुसऱ्या हाताने ताणून धरला तरच तुटतो, आणि माझ्या दुसऱ्या हाताला धागा सापडतच नव्हता. बोटाला मात्र काप गेला. त्यात ते टोक माझ्याच रेग्युलेटरच्या, म्हणजे तोंडाला हवा देणाऱ्या, पाइपाजवळ फिरतंय. तेवढ्यात चाकू हातातून निसटला आणि खाली गेला.

गाइड मालवणचा, तेवीस-चोवीसचा पोरगा. त्याने समोर येऊन पंजा दाखवला: थांब. माझ्या खांद्यावर हात दाबून ठेवला आणि स्वतःच्या बीसीडीच्या (अंगात घालायचं हवा भरायचं जॅकेट) पट्ट्यावरून काडेपेटीएवढी एक वस्तू काढली. लाल प्लास्टिक, मध्ये खाच, खाचेत ब्लेड. तो मागे गेला. मला फक्त बारीक हिसके जाणवले, सात-आठ, आणि कॉलर सुटली. मी अडकलो तेव्हा सिलिंडरमधल्या हवेचा गेज ९० बारवर होता, सुटलो तेव्हा ६०. वर आल्यावर पोरगा एवढंच म्हणाला, "भाऊनू, मासो फडफडता म्हणानच अडाकता."

आणि साडूभाऊ? ते तळावरून चाकू उचलून घेऊन आले, मशाल धरल्यासारखा. तेव्हापासून घरात बारसं असो की मुंज, पंगतीत किस्सा ठरलेला: "हे घाबरले, चाकू टाकून दिला, मी आणला म्हणून वाचला." मी घाबरलो, कबूल. पण आधी हात पोचला नाही, मग घाबरलो. हा क्रम कुणी लक्षातच घेत नाही.

तर तुमच्यासाठी: लाइन कटर, म्हणजे त्या पोराकडची ती खाचेतल्या ब्लेडची वस्तू, घ्या, दोन घ्या. एक डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, एक कमरेच्या पट्ट्यावर पुढे. कुठल्याही हाताने, डोळे मिटून, हातमोजे घालून काढता आला पाहिजे. घरी सोफ्यावर बसून वीस वेळा काढा-घाला, हसू देत घरच्यांना. बारीक दोरीने तो बीसीडीला बांधून ठेवा, म्हणजे सुटला तरी तळाशी जाणार नाही. (हो, माझ्या चाकूला दोरी नव्हती. साडूभाऊंचा तेवढा मुद्दा बरोबर आहे.)

कटरच्या खाचेत जाड दोर शिरत नाही. त्यासाठी ड्रेसिंग कापायची बोथट टोकाची कात्री घ्या, मेडिकलवाल्याकडे दोन-तीनशेत मिळते. दोर, पट्टा, बारीक तार सगळं कापते. तिचा स्क्रू गंजतो, मग नवी घ्यायची.

चाकूच हवा असेल तर हाताच्या पंजापेक्षा लहान आणि बोथट टोकाचा घ्या. टोकाने आपलीच बीसीडी फाटते. स्टीलचं म्हणाल तर ३१६ नंबरचं सहसा गंजत नाही पण धार टिकत नाही, ४२० नंबरचं धार धरतं पण गंजतं. टायटॅनियम गंजतच नाही, पण तुमच्या बजेटमध्ये बसेलसं वाटत नाही. काहीही घ्या, डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. म्यानात ओलं ठेवलं की आठवड्यात तांबूस डाग येतात.

पायाच्या आतल्या बाजूला चाकू बांधून वर्षानुवर्षं डाइव्ह करणारे लोक आहेत, त्यांचं काही बिघडलेलं नाही, हेही खरं. मालवण-तारकर्लीला हौसेची पहिली डाइव्ह करणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही, तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. आणि कटर असो की चाकू, विमानात चेक-इन सामानात टाका. परदेशी जाणार असाल तर आधी विचारा, मेक्सिकोत कोझुमेलच्या मरीन पार्कमध्ये चाकू न्यायलाच बंदी आहे. मागे अडकलात तर स्वतः कापायच्या फंदात न पडता स्थिर राहा आणि बडीला खूण करा. अर्थात बडी तळाशी चाकू शोधत नसेल तर.

साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. चाकू आमच्याकडेच आहे. सध्या फणसाच्या चिकाने माखलाय. मोसम संपला की तेल लावून पुसून पाठवतो.