सुट्टी घेऊन आलो तरी थकवा जात नाही, हा बर्नआउट की आळस? नोकरी सोडू का?

तुम्ही लिहिलंय की खासगी बँकेत सेल्सला आहात, आठ दिवस कोकणात राहून आलात आणि सोमवारी ऑफिसखाली गाडी लावून वीस मिनिटं तसेच आत बसून राहिलात. आणि मोठा भाऊ म्हणतो ही एसीत बसणाऱ्यांची थेरं आहेत. मी इथे फारसं लिहीत नाही, पण ते भावाचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या दादानं मला हेच ऐकवलंय, आणि एकदा नाही.

आळस नाही हा. आळशी माणसाला काम टाळलं की बरं वाटतं, तुम्हाला टाळूनही बरं वाटेना झालंय.

मी एका सरकारी बँकेत तालुक्याच्या गावी कॅश काउंटरला होते. नोटबंदी आली तेव्हा बँकेत सतरा वर्षं झाली होती, नोटा मोजायचा मला कधी कंटाळा आला नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री घोषणा झाली, ९ ला बँका बंद, १० ला सकाळी शटर उघडायच्या आधी लाइन रस्त्यावर गेलेली. पहिले चार दिवस आम्ही झपाटल्यासारखं काम केलं, शनिवार-रविवार पण, रात्री दहा-अकराला कॅश टॅली व्हायची, एका रात्री साडेसहा हजार शॉर्ट आले ते मी खिशातून भरले. आणि खरं सांगते, त्या चार दिवसांत मी थकले होते पण खचले नव्हते, घरी जाऊन पडलं की झोप लागायची.

खचायला सुरुवात झाली ती नंतर. रोज नवा नियम, आणि तो आमच्या आधी टीव्हीवर. जुन्या नोटा बदलून द्यायची मर्यादा ४,०००, मग ४,५००, मग २,०००, बोटाला शाई लावा, मग २४ तारखेनंतर बदलून देणंच बंद. खात्यातून आठवड्याला २४,००० काढता येतील असं टीव्हीवर सांगत होते आणि माझ्या ड्रॉवरमध्ये मात्र चेस्टकडून, म्हणजे शाखांना रोकड पुरवणाऱ्या तिजोरीकडून, जेवढी कॅश आलीय ती लाइनमधल्या सगळ्यांना पुरवायची तर माणशी चार हजार सुद्धा बसत नव्हते, आणि ते पण दोन हजाराच्या गुलाबी नोटांत, ज्या बाजारात कोणी मोडून देत नव्हतं. काचेपलीकडचा माणूस म्हणायचा, सरकार चोवीस हजार म्हणतंय, तू कोण नाही म्हणणारी? त्याचं बरोबरच होतं. पण नियम केला मी नव्हता, कॅश पाठवत मी नव्हते, तोंड मात्र माझं होतं. असं पन्नास दिवस.

त्यातच दादा आला. तासगावकडे आमची द्राक्षबाग आहे, ऐन विरळणी-डिपिंगचे, म्हणजे घड विरळ करून औषधात बुडवायचे दिवस, तीसेक बायका कामाला आणि आठवड्याची हजेरी द्यायला सुट्टे पैसे नाहीत. मागच्या दारानं आत येऊन म्हणाला, वीस हजार शंभराच्या नोटांत दे, माझ्याच खात्यातले आहेत. मी म्हटलं दादा, बाहेर लोक पहाटेपासून उभे आहेत, मी नाही देऊ शकत. तो म्हणाला, "पंख्याखाली बसून नोटा मोजतीस, तुला काय कळणार राबणं म्हणजे काय." गेला, आणि पुढं सहा महिने माझ्याशी नीट बोलला नाही.

डिसेंबर संपला, गर्दी ओसरली, सगळ्यांना वाटलं सुटलो. पण मला त्रास झाला तो २०१७ च्या पावसाळ्यात. तोवर आधार लिंकिंग सुरू झालं होतं, जूनमध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, तिचे ऑनलाइन फॉर्म, नवरा-बायकोचे अंगठे, मग माझं नाव यादीत का नाही हे विचारायला रोज पन्नास शेतकरी आमच्याकडे, आणि यादी तर आमच्या हातात नाहीच. पुन्हा तेच. एक दिवस निराधार पेन्शनची एक म्हातारी आली, "पैसं आलं का बाय?" म्हणाली, आणि मी वर न बघता तिचं पासबुक काचेखालून ढकललं ते खाली पडलं. ती वाकून उचलून निघून गेली. काही बोलली नाही. मी ती बाई होते जी या म्हाताऱ्यांच्या स्लिपा स्वतः भरून द्यायची, आणि त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही, वाईट सुद्धा नाही. मी त्यालाच घाबरले.

आमची आई शीण आणि वीट हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नसे. शीण झोपेनं जातो, वीट झोपेनं जात नाही. म्हणून कोकणातले आठ दिवस तुमच्या कामी आले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून, आणि त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: अंगातलं बळ संपणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ती पासबुकाची गोष्ट म्हणजे दुसरी. माझं मत विचाराल तर जास्त कामानं माणूस मोडत नाही, जबाबदारी आपली आणि अधिकार शून्य, यानं मोडतो. तुमचं टार्गेट कोण ठरवतं? पॉलिसी गळ्यात मारल्यावर शिव्या कोण खातं?

मी कॅशवरून काढा असा अर्ज दिला. मॅनेजर म्हणाले, मॅडम अ‍ॅडजस्ट करा. तिसऱ्या अर्जानंतर २०१८ मध्ये बॅक ऑफिसला गेले, कॅशचा अलाउन्स गेला, प्रमोशनची परीक्षा सोडली. दादा सगळ्या भावकीत म्हणाला, पळाली. ते पळाली अजून टोचतं.

आणि मग मार्च २०२०. बागेत माल तयार, साखर भरलेली, आणि लॉकडाऊन. व्यापारी फोन उचलेना, गाडी मिळेना. काही माल बेदाण्याला टाकला, काही वेलीवरच गेला. जो माणूस उभ्या आयुष्यात पाचच्या पुढं झोपला नाही तो त्या एप्रिलमध्ये दहापर्यंत पडून असायचा, बागेकडं फिरकत नव्हता, वहिनी फोनवर रडायची. राबणं कमीच झालं होतं तेव्हा. मग कशानं पडला होता? तेव्हा मी त्याला काही बोलले नाही, ती वेळ नव्हती. पण दादा, तू माझ्याकडून "नाही" ऐकलंस आणि त्या वर्षी तू स्वतः त्या काचेमागं बसलास, हे मला तुला सांगायचं होतं आणि ते मी इथं परक्या माणसाच्या प्रश्नाखाली लिहितेय. तुमच्या भावाला वाचायला द्या हवं तर.

नोकरी सोडू का, याचं उत्तर मी नाही देऊ शकत, घरचे हप्ते तुम्ही लिहिलेले नाहीत. हप्ता असेल तर आधी सोडू नका, डिपार्टमेंट किंवा ब्रांच बदलून मागा, आणि लेखी मागा, तोंडी मागितलेलं कोणी मोजत नाही. पैसे कमी झाले तरी चालेल का हे बायकोशी बोलून ठरवा, भावाशी नाही.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: थायरॉइड, बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, माझं हिमोग्लोबिन नऊ निघालं होतं आणि मी वर्षभर सगळं मनावर ढकलत होते. गाडीत बसल्यावर जगण्याचाच वीट आल्यासारखं वाटत असेल तर मात्र माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा, टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.