वायरलेसवरून कोणी रेल्वे थांबवू शकतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत म्हणे स्वस्तातल्या रेडिओने परका माणूस मालगाडीचा ब्रेक लावू शकतो. मग बडोद्यावरून जाणाऱ्या गाड्या ‘कवच’च्या (टक्कर टाळायला आपोआप ब्रेक लावणारी आपल्या रेल्वेची यंत्रणा) भरवशावर, म्हणजे रेडिओवरच धावू लागल्या, तर घाबरायचं का?

मी बडोद्यातच वायरलेस संच दुरुस्त करतो, रेल्वेत नाही. तरी गाडी थांबवणं आणि रुळावरून पाडणं या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू.

अमेरिकेची बातमी खरी आहे. तिथल्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर एक पेटी असते. ती इंजिनाला हवेचा दाब कळवते आणि इंजिनाकडून हुकूम आला की मागून ब्रेक लावते. या हुकमाला कुलूपच नाही. निरोपासोबत फक्त एक तपासणीचा आकडा जातो, म्हणजे किराणा बिलाखाली मारलेली बेरीज समजा. बेरीज जुळली तर बिल चुकलेलं नाही एवढंच कळतं. ते दुकानदारानेच लिहिलं की दुसऱ्या कोणी, ते कळत नाही. नील स्मिथ नावाच्या संशोधकाने हे २०१२ मध्येच दाखवलं होतं. सरकारी इशारा निघाला जुलै २०२५ मध्ये! मधली वर्षं रेल्वे कंपन्यांचं पालुपद एकच: प्रत्यक्ष गाडीवर करून दाखवा. चालत्या मालगाडीवर असला प्रयोग कोण करू देणार, हे त्यांनाही ठाऊक होतंच की.

पोलंडमध्ये तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे घडूनच गेलं. तिथल्या जुन्या रेडिओवर ठरावीक तीन सूर वाजले की आसपासच्या इंजिनांचे ब्रेक आपोआप लागतात. कोणीतरी ते सूर वाजवले आणि श्चेचिनजवळ वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणाला इजा झाली नाही, कारण ती यंत्रणा फक्त ‘थांब’ एवढंच बोलू शकते.

आता आपल्याकडचं. बडोदा स्टेशनवर गार्डच्या हातात (हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणायचं) जो वॉकी-टॉकी दिसतो, त्यावरचं बोलणं उघडं असतं. पण त्या संचाने कुठलाही सांधा हलत नाही की ब्रेक लागत नाही. ड्रायव्हर सिग्नल बघून गाडी चालवतो. खोटा आवाज घुसला तर गोंधळ होईल, वेळ जाईल.

कवचची गोष्ट वेगळी. स्टेशन आणि इंजिन यांच्यात रेडिओवरून निरोप जातात, गाडी नेमकी कुठे आहे ते रुळांमध्ये बसवलेल्या टॅगवरून कळतं. इथले निरोप गुप्त किल्लीने, म्हणजे दोन्ही टोकांनाच ठाऊक असलेल्या सांकेतिक आकड्याने तपासले जातात. नुसती बेरीज जुळवून भागत नाही. मला काळजी वाटते ती त्या किल्ल्यांची. त्या कोण देतं, कधी बदलतात, इंजिन दुसऱ्या विभागात गेलं की काय होतं, हे रोजचं कारकुनी काम ढिलं पडलं की उत्तम कुलूपही कुचकामी.

राहिला जॅमर, म्हणजे रेडिओचे निरोप बुडवणारं यंत्र. त्याला किल्ली लागतच नाही, नुसता गोंगाट पुरतो. चीनमधल्या शेन्झेनच्या मेट्रोत २०१२ मध्ये लोकांच्या खिशातल्या वाय-फाय उपकरणांमुळेच गाड्या अडल्या होत्या, कोणाचा वाईट हेतूही नव्हता. अशा यंत्रणा रेडिओ तुटला की सुरक्षित बाजूला, म्हणजे थांबण्याकडे किंवा हळू जाण्याकडे झुकतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या हाती सहज लागतं ते गाड्या अडवणं. तेही किरकोळ नाही हं. भर गर्दीत मुंबई-दिल्ली मार्ग तासभर अडला तर त्याचे धक्के पार दुसऱ्या दिवसापर्यंत बसतात. पण मुलाला गाडीत बसवू की नको, असं मनात असेल तर खुशाल बसवा.

आपल्याकडेही मालगाडीच्या शेवटी तशीच पेटी लावून गार्डचा डबा काढायचे प्रयोग झालेत. माहितीच्या अधिकारात विचारायचंच असेल तर हे विचारा: त्या पेटीला हुकूम देणारा खरा कोण, हे ती कशावरून ओळखते?