ग्रीसच्या बेटांवर शिडाच्या बोटीने पहिल्यांदाच फिरायचं आहे, कोणती बेटं निवडावीत?

पहिलीच वेळ असेल तर सँतोरिनी-मिकोनोसचा हट्ट सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो कधीकधी चार-चार दिवस थांबत नाही. नवख्यांचे त्यात फार हाल होतात. त्यापेक्षा अथेन्सच्या अलिमोस मरिनातून निघा आणि सारोनिक आखातातच राहा: एजिना, पोरोस, हायड्रा. अंतरं कमी, पाणी बरंच शांत. एजिनाचे पिस्ते घ्याच! हायड्रावर खाजगी मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जातं. बंदर मात्र इवलंसं, त्यामुळे दुपारच्या आत पोहोचा. बोट चालवण्याचा परवाना नसेल तर सोबत कप्तान घ्या, इथे काटकसर नको. मी सप्टेंबरच सुचवेन, पाणी तेव्हाही पोहण्याजोगं कोमट असतं.