गडालगतचं शेत पुरातत्त्व खात्याला देताय? मग अर्जावर थांबू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमची जुनी फाइल डोळ्यासमोर उभी राहिली. तुमचे वडील ऐंशीच्या पुढचे, तटाच्या पायथ्याचं शेत गडाच्या संरक्षित हद्दीत जावं ही त्यांची इच्छा. अर्ज दिलाय, अधिकारी जागा बघून गेलेत, 'प्रस्ताव वरिष्ठांकडे सादर केला आहे' असं पत्रही आलंय. आता उत्तराची वाट बघायची का, असं विचारलंय तुम्ही. नका बघू. आमचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

सातबारा, आठ-अ, बोजा, मोजणी हे सगळं तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, सही करण्याआधी तुमच्या वकिलांना दाखवाच. पण ही एक गोष्ट आम्हाला वेळेवर कोणी सांगितली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्ज म्हणजे दान नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १२२ सांगतं की बक्षीस (कायद्याच्या भाषेत दान) देणारा हयात असताना, आणि तो देण्यास सक्षम असतानाच, घेणाऱ्याने ते स्वीकारलं पाहिजे. कलम १२३ प्रमाणे जमिनीचं बक्षीसपत्र, म्हणजे दानाचा दस्त, नोंदणीकृत हवं, देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. यातलं काहीच झालेलं नसेल तर तुमच्या वडिलांची इच्छा फक्त कागदावर आहे.

आमच्या वडिलांचा अर्ज एका कार्यालयाने घेतला, पोच दिली, पाहणी केली, कौतुकही केलं. बक्षीसपत्र कधी करायचं, खात्यातर्फे सही कोण करणार, हे विचारलं की प्रत्येक वेळी 'मंजुरी आली की कळवू'. मंजुरीला वेळ लागतो हे समजू शकतो. पण समोर एक थकलेला माणूस स्वतःच्या हाताने जमीन द्यायला बसलाय, त्याच्या हयातीतच हे पूर्ण व्हायला हवं, एवढं एक वाक्य त्या टेबलावरून कोणी बोललं नाही. वडील गेले. त्यानंतर पत्र आलं की अर्जदार मयत असल्याने सर्व वारसांच्या संमतीने नव्याने प्रस्ताव सादर करावा. वारसांमध्ये दिवंगत बहिणीची मुलंही आली, आणि त्यातल्या एकाला जमीन विकायची होती. त्याच्या हक्काची गोष्ट, त्याला दोष देत नाही. अखेर तटालगतची पट्टी तेवढी देता आली. रस्त्याकडचा तुकडा, जिथे नांगराला जुन्या विटा आणि खापरं लागायची, तो बाहेरच राहिला. याचा राग अजून जात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: उद्याच लेखी विचारा की स्वीकृतीचा अधिकार कोणाला आहे, बक्षीसपत्रात घेणाऱ्याचं नाव नेमकं काय लिहायचं आणि सहीला कोण येणार. तोंडी उत्तर घेऊ नका. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात कलम ५ खाली संरक्षित स्मारक बक्षीस म्हणून स्वीकारायची तरतूद आहे, तिचा उल्लेख पत्रात करा. तुमचं शेत अजून संरक्षित नाही, त्यामुळे ती तुम्हाला कशी लागू होईल हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. जमीन वडिलोपार्जित असेल तर वडिलांच्या एकट्याच्या सहीवर विसंबू नका, बहिणींसकट सगळ्यांना आत्ताच बरोबर घ्या.

पण त्याआधी गड कोणाकडे आहे ते तपासा. जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये आलेल्या बारा किल्ल्यांतही रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज आपोआप बरोबर दारात जात नाही.

दुसरं म्हणजे, बक्षीसपत्र नोंदलं आणि फेरफार मंजूर झाला तरी शेत 'संरक्षित' होत नाही, फक्त मालक बदलतो. संरक्षणासाठी वेगळी अधिसूचना लागते. केंद्राच्या कायद्यात कलम ४ खाली आधी हेतू जाहीर करतात, हरकतींसाठी दोन महिने देतात आणि मग राजपत्रात अंतिम अधिसूचना येते. त्यात तुमचा गट नंबर आणि क्षेत्र आलं तरच काम झालं. फाळणी होऊन पोटहिस्सा पडला असेल तर आकडे मोजणीच्या नकाशाशी स्वतः ताडून बघा.

हरकतींवरून आठवलं. शेजाऱ्यांशी आजच बोला. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित (परवानगी घेऊनच बांधकाम करायचं असं) क्षेत्र असतं, आणि ते संरक्षित हद्दीपासून मोजतात. म्हणजे तुमचं शेत आत गेलं की ती रेषा पुढे सरकते आणि काल मोकळ्या असलेल्या बांधापलीकडच्या माणसाला नवीन घर बांधता येत नाही. दान आपण करायचं आणि बंधन त्याच्यावर, हे त्याला नोटिशीतून कळणं मला अन्यायाचं वाटतं. तो हरकत घेईल, आणि त्याचं चुकणारही नाही. हद्द थोडी आत ठेवता येते का, हे खात्याला विचारायला हरकत नाही.

जाता जाता, त्या शेतातून कोणाची वहिवाट असेल किंवा विहिरीत कोणाचा वाटा असेल, तर ते बक्षीसपत्र करण्याआधीच मिटवा आणि दस्तात लिहा. एकदा कुंपण पडलं की फाटकाच्या किल्लीसाठी दर वेळी त्या माणसाला तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. वडिलांची तब्येत नाजूक असेल तर दुय्यम निबंधकांकडे घरी येऊन दस्त नोंदवण्याबद्दल विचारा. आजारी माणसासाठी तशी सोय कायद्यात आहे.