युद्ध पेटलं तर सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरांना सक्तीने सैन्यात नेतील का?

नाही. भारतात सक्तीची लष्करभरती नाही. 1962, 1965, 1971 च्या युद्धांतही झाली नव्हती. रशियाची उदाहरणं देऊन घाबरवतात, पण शेजाऱ्याचा मुलूख घ्यायला निघालेल्या रशियाने सप्टेंबर 2022 मध्ये जे 3 लाख बोलावले ते कागदोपत्री राखीव सैनिक होते. शिवाय तिथे सक्तीच्या सेवेचा कायदा आधीपासून आहे. आपल्याकडे तो नाहीच.

दार मात्र पूर्ण बंद नाही. घटनेच्या कलम 23(2) नुसार सरकार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू शकतं. त्यासाठी संसदेत कायदा करावा लागेल, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पुरत नाही!

मे 2025 मध्ये लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना (नोकरी-धंदा सांभाळून अर्धवेळ सेवा देणाऱ्यांचं दल) बोलावण्याचा अधिकार दिला, तो फक्त तिथे स्वतःहून नाव नोंदवलेल्यांपुरता. एनसीसी केली म्हणूनही कुणी सीमेवर पाठवत नाही. (1963 मध्ये ती कॉलेजात सक्तीची झाली होती, 1968 ला ऐच्छिक केली.) अग्निवीर होतो तोही अर्ज करूनच: 4 वर्षं, पुढे जास्तीत जास्त 25 टक्के कायम.

'सक्तीच्या भरतीच्या यादीतून नाव काढतो' म्हणत कुणी पैसे मागितले तर सरळ पोलिसांत जा.