इंदूरमध्ये फ्लॅटमध्ये राहून पर्यावरणासाठी रोज काय करता येईल?

सुरुवात पाण्यापासून करा. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणतात आणि त्याला प्रचंड वीज लागते. म्हणजे इथे पाणी वाचवलं की वीजही वाचते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसा. शेजाऱ्यांची टाकी भरून वाहत असेल तर दार वाजवायला अजिबात संकोचू नका.

कापडी पिशवी आणि पंख्याच्या जोडीला 26 वर एसी, हे तर आलंच.

ओला कचरा मात्र मनापासून वेगळा ठेवा. 2022 पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात त्यापासून बायो-सीएनजी बनतो आणि त्यावर शहरातल्या बसही धावतात. उरलेले पोहे, मेथीच्या काड्या, फळांची सालं सगळं चालतं, फक्त त्यात प्लास्टिक जाऊ देऊ नका. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकताच राहू द्या. सुटलेला तुकडा इतका बारीक असतो की हमखास ओल्या कचऱ्यात नाहीतर मोरीत जातो. पिशवी विसळून, वाळवून सुक्याच्या डब्यात टाका.