वाचक विचारतात : ग्रिम बंधूंना गोष्टी सांगितल्या कुणी?

प्रश्न (नाशिक) : ग्रिम बंधू खेड्यापाड्यांत हिंडून म्हाताऱ्या शेतकरणींकडून गोष्टी गोळा करत, असं शाळेपासून ऐकलं आहे. ते खरं का?

उत्तर : बहुतांशी नाही. जर्मन लोककथा जमवून छापणारे हे भाऊ, याकोब आणि विल्हेल्म, कासेल शहरात राहत. सांगणारी माणसं त्यांच्या घरी येत, नाहीतर ओळखीच्या घरांत भेटत. औषधाचं दुकान चालवणाऱ्या विल्ड कुटुंबातल्या मुली, हासेनफ्लुग या सरकारी अधिकाऱ्याच्या घरच्या बहिणी, वेस्टफालियातलं फॉन हाक्सटहाउझेन हे उमरावांचं घराणं, अशी ही मंडळी. बहुतेक तरुण आणि शिकलेली. विल्ड घरच्या डोर्टशेनशी पुढे १८२५ मध्ये विल्हेल्मचं लग्नही झालं. गरिबांपैकी योहान फ्रीडरिश क्राउझ हा निवृत्त सैनिक होता. त्यानं गोष्टींच्या बदल्यात जुन्या विजारी घेतल्या.

शेतकरणीचं चित्र आलं ते डोरोथेआ फीमान हिच्यामुळे. ती भाजी विकायला कासेलला येई. तिनं सुमारे ४० गोष्टी दिल्या. ग्रिमांच्या संग्रहाच्या दुसऱ्या खंडाच्या (१८१५) प्रस्तावनेत तिला शेतकरीण म्हटलं आहे. प्रत्यक्षात ती खाणावळवाल्याची मुलगी आणि शिंप्याची बायको. तिचं माहेरचं घराणं धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेलं, आणि हासेनफ्लुग बहिणींचं आजोळही तसलंच. त्यामुळे शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच पुस्तकातल्या गोष्टी ‘अस्सल जर्मन’ म्हणून वहीत उतरल्या. ‘बुटातलं मांजर’ आणि ‘निळदाढ्या’ पहिल्या आवृत्तीनंतर काढल्या. लाल टोपडीवाली मुलगी मात्र राहिली. पेरोच्या गोष्टीत लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. ग्रिमांकडे शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो.

या संग्रहातली सर्वांत मोठी चूक एका नावाची आहे. ग्रिमांनी आपल्या प्रतीच्या समासात सांगणाऱ्याचं नाव टिपलं होतं, पण नुसतं ‘मारी’. पुढे विल्हेल्मच्या मुलानं, हेर्माननं, सांगितलं की ही विल्डांच्या घरची म्हातारी मोलकरीण मारी. ‘काटेरी गुलाब’ (झोपलेली राजकन्या) अशा अडाणी म्हातारीच्या तोंडून आली, हे लोकांना इतकं आवडलं की कित्येक दशकं कुणी तपासलंच नाही. १९७५ मध्ये अभ्यासक हाइन्झ रोलेके यांनी दाखवून दिलं, की ही मारी म्हणजे मारी हासेनफ्लुग. सांगताना वय विशीतलं, घरात फ्रेंच वळण. आडनाव लिहिलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

प्रश्न (बेळगाव) : माझ्याकडच्या दोन पुस्तकांत हिमगौरीचा छळ करणारी एकात सख्खी आई आहे, दुसऱ्यात सावत्र. मूळ कोणतं?

उत्तर : दोन्ही ग्रिमांचीच. त्यांच्या हयातीत मोठ्या संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या : १८१२-१५, १८१९, १८३७, १८४०, १८४३, १८५० आणि १८५७. विल्हेल्म प्रत्येक वेळी हात फिरवत राहिला. म्हणून आधी तुमचं पुस्तक कोणत्या आवृत्तीवरून आलं ते ओळखा. तीन गोष्टी उघडल्या की पुरे.

रापुन्झेल आधी पाहा. १८१२ मध्ये ती तिला मनोऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या बाईला भाबडेपणानं विचारते, ‘गोथेलबाई, माझे कपडे एवढे तंग का होताहेत?’ म्हणजे तिला दिवस गेले आहेत. लहान मुलांच्या हाती हे कसं द्यायचं, अशी टीका झाली. मग त्याऐवजी, तुम्हाला वर ओढताना राजपुत्रापेक्षा जड का लागतं, असा प्रश्न तिच्या तोंडी आला. हिमगौरीची आई १८१९ मध्ये सावत्र झाली, हान्सेल-ग्रेटेलची १८४० मध्ये. तेव्हा कपडे तंग आणि दोन्ही आया सख्ख्या असतील तर मूळ १८१२ चं. हिमगौरीची सावत्र पण हान्सेलची सख्खी असेल तर १८१९ किंवा १८३७ चं. दोघी सावत्र असतील तर १८४० चं किंवा त्यानंतरचं, बहुधा १८५७ चं. ही पडताळणी फसते ती संकलित पुस्तकांत, कारण तिथे एक गोष्ट एका आवृत्तीतली तर दुसरी भलतीकडची असते. बेडूक मुका घेतल्यावर राजपुत्र होत असेल, तर ते ग्रिमांचं नव्हेच. ग्रिमांकडे राजकन्या त्याला भिंतीवर आपटते.

विल्हेल्मचा हात कसा चाले ते याच बेडकाच्या पहिल्या ओळीत दिसतं. १८१० चं हस्तलिखित क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीकडे राहून गेलं आणि पुढे अल्सासमधल्या एलेनबेर्ग मठात सापडलं. त्यात एवढंच आहे : ‘राजाची धाकटी मुलगी रानात गेली आणि एका गार विहिरीकाठी बसली.’ १८५७ मध्ये तीच मुलगी इतकी देखणी झाली, की तिच्या तोंडावर ऊन पडलं की खुद्द सूर्यालाही नवल वाटावं. सूर्य सुंदर आहे, पण तो विल्हेल्मचा. गोष्ट ऐकायची असेल तर १८१० ची ओळ वाचावी, असं आमचं मत.

प्रश्न (पणजी) : सिंड्रेलाचा बूट मुळात खारीच्या कातड्याचा होता, भाषांतरात चुकून काचेचा झाला, हे खरं का?

उत्तर : नाही. फ्रेंचमध्ये काच आणि ते कातडं या शब्दांचे उच्चार सारखे आहेत, त्यातून हा तर्क निघाला. पण पेरोनं १६९७ मध्ये स्वतः काच असंच छापलं आहे.

प्रश्न (सातारा) : आजीच्या गोष्टी उतरवून घ्यायच्या आहेत. कसं करावं?

उत्तर : ‘तुम्हाला लोककथा येतात का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं. झोपताना काय ऐकायचात, असं विचारा. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाकून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. सोय असेल तर रेकॉर्डिंग वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात करा. सुरुवातीलाच मोठ्यानं बोला : तारीख, गाव, सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, माहेर-सासर, आणि गोष्ट कुणाकडून ऐकली. छापायचं असेल तर परवानगीही तिथेच घ्या.

पहिल्यांदा मध्ये न बोलता पूर्ण ऐका. मग एक-दोन दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावा. फीमान आधी भराभर सांगे, मग उतरवून घेता यावं म्हणून सावकाश, आणि चुकली तर स्वतःच दुरुस्त करी, असं विल्हेल्मनं लिहून ठेवलं आहे. दोन कथनांत जे शब्द जसेच्या तसे येतात, ते गोष्टीचे खांब. ‘आटपाट नगर होतं’ आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे गाळू नका.

उतरवताना ‘व्हता’चं ‘होता’ करू नका. तासाभराच्या ध्वनिफितीला चार-सहा तास लागतात, तेव्हा एका बैठकीत एकच गोष्ट घ्या. शेवटी आर्ने-थॉम्पसन-उथर या लोककथांच्या प्रकारांच्या सूचीतला क्रमांक शोधा, म्हणजे जगभरची भावंडं सापडतात. सिंड्रेला ५१०अ मध्ये आहे. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मधल्या म्हातारीचं ‘जाडजूड होईन, मग मला खा’ हे १२२एफ मध्ये.

सांगणाऱ्याला पुस्तकात जागा कशी द्यावी याचा चांगला नमुना आपल्याकडेच आहे. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिनं १८६८ मध्ये लंडनला छापलेल्या दख्खनच्या गोष्टी तिच्या आयेनं, ॲना लिबराटा डिसोझा हिनं, सांगितलेल्या. तिचं नाव पुस्तकात आहे, आणि गोष्टींच्या आधी तिनंच सांगितलेली तिच्या आयुष्याची हकिगतही. तुमच्या वहीतही पहिलं पान आजीच्या हकिगतीसाठी कोरं ठेवा.